ग्रीस २ (चित्रपट)

ग्रीस २ हा १९८२ साली प्रदर्शित झालेला अमेरिकन संगीतमय प्रेमविनोदी चित्रपट आहे. १९७८ मधील ग्रीस या अत्यंत लोकप्रिय चित्रपटाचा तो उत्तरभाग असून त्याचे दिग्दर्शन पॅट्रिशिया बर्च यांनी केले आहे. पटकथा केन फिंकलमन यांची, तर निर्मिती रॉबर्ट स्टिगवूड व ॲलन कार यांची आहे. मॅक्सवेल कॉलफील्ड आणि मिशेल फायफर यांनी यात प्रमुख भूमिका केल्या आहेत. पॅरामाउंट पिक्चर्सने हा चित्रपट ११ जून १९८२ रोजी अमेरिकेत प्रदर्शित केला.

पहिल्या चित्रपटाच्या तुलनेत ग्रीस २ ला मिळालेला प्रतिसाद अत्यंत निराशाजनक होता. अमेरिका व कॅनडात त्याने सुमारे १ कोटी ५२ लाख डॉलरांची कमाई केली. ही रक्कम मूळ चित्रपटाच्या तेथील कमाईच्या एक-दशांशाच्या आसपास होती. यानंतर या मालिकेतील पुढील नियोजित चित्रपटांचा विचार सोडून देण्यात आला. किशोरवयीनांच्या संगीतपटांचे उत्तरभाग का फसतात, या चर्चेत ग्रीस २ चे उदाहरण हमखास दिले जाते. पुढील दशकांत मात्र दूरचित्रवाणी व व्हिडिओ कॅसेट यांमधून त्याला स्वतःचा निष्ठावान प्रेक्षकवर्ग मिळाला. मूळ कथेतील स्त्री-पुरुष भूमिकांची अदलाबदल करणारा चित्रपट म्हणून त्याचा नव्याने विचार होऊ लागला.

शीर्षकाचा अर्थ

शीर्षकातील ग्रीस या शब्दाचा युरोपातील ग्रीस देशाशी संबंध नाही. यंत्रांना लावले जाणारे वंगण आणि केसांना चोपडले जाणारे तेलकट प्रसाधन या दोन्ही अर्थांनी हा शब्द येतो. १९५० च्या दशकात अमेरिकेतील कामगार वस्त्यांमधील काही तरुण केस चापून मागे वळवत, चामडी जाकिटे घालत आणि मोटारी किंवा मोटारसायकली दुरुस्त करण्यात रमत. अशा तरुणांना ग्रीसर म्हटले जाई. ग्रीस या नाटकाचे व चित्रपटाचे नाव त्यांच्यावरून आले आहे.

पार्श्वभूमी

ग्रीस हे मुळात रंगमंचावरील संगीतक होते. जिम जेकब्स आणि वॉरन केसी यांनी लिहिलेले हे संगीतक १९७१ मध्ये शिकागो येथे आणि १९७२ मध्ये न्यू यॉर्क शहरात सादर झाले. न्यू यॉर्कमधील प्रयोगांचे नृत्यदिग्दर्शन पॅट्रिशिया बर्च यांचे होते. रँडल क्लायझर दिग्दर्शित १९७८ च्या चित्रपटातील नृत्येही त्यांनीच बसवली. जॉन ट्रॅव्होल्टा आणि ऑलिव्हिया न्यूटन-जॉन यांची प्रमुख भूमिका असलेला हा चित्रपट सुमारे ६० लाख डॉलरांत तयार झाला. अमेरिका व कॅनडात त्याने १५ कोटी डॉलरांहून अधिक कमाई केली आणि तो त्या वर्षीचा अमेरिकेतील सर्वाधिक यशस्वी चित्रपट ठरला.

या यशामागे गाण्यांचा मोठा वाटा होता. स्टिगवूड यांच्याकडे आर.एस.ओ. ही ध्वनिमुद्रण कंपनीही होती. चित्रपट प्रदर्शित होण्यापूर्वीच त्यातील गाणी बाजारात आणायची, म्हणजे नभोवाणीवर ती वाजत राहतात आणि चित्रपटाची जाहिरात आपोआप होते, ही पद्धत त्यांनी सॅटर्डे नाइट फीव्हर (१९७७) या चित्रपटाच्या वेळी यशस्वीपणे वापरली होती. ग्रीससाठी मूळ नाटकातील गाण्यांना नव्या गीतांची जोड देण्यात आली. बॅरी गिब यांनी शीर्षकगीत लिहिले आणि फ्रँकी व्हॅली यांनी ते गायले. जॉन फरार यांनी यू आर द वन दॅट आय वाँट आणि होपलेसली डिव्होटेड टू यू ही गीते लिहिली. यांपैकी पहिले गीत चित्रपट प्रदर्शित झाला त्याच महिन्यात अमेरिकेच्या लोकप्रियता यादीत पहिल्या क्रमांकावर पोहोचले होते. दुसऱ्याला सर्वोत्कृष्ट गीताच्या ऑस्कर पुरस्कारासाठी नामांकन मिळाले.

१९७० च्या दशकात अमेरिकेत पन्नाशीच्या दशकाविषयीच्या गतकातरतेची लाट होती. अमेरिकन ग्रॅफिटी (१९७३) हा चित्रपट आणि हॅपी डेज ही १९७४ पासूनची दूरचित्रवाणी मालिका ही तिची ठळक उदाहरणे होत. ग्रीस हा चित्रपट या लाटेच्या शिखरावर आला. लाट ओसरू लागल्याची चिन्हेही लवकरच दिसली. अमेरिकन ग्रॅफिटीचा उत्तरभाग मोअर अमेरिकन ग्रॅफिटी १९७९ मध्ये आला, पण त्याला मूळ चित्रपटासारखे यश मिळाले नाही. तरीही ग्रीसचे अनेक उत्तरभाग आणि एक दूरचित्रवाणी मालिका काढण्याची योजना आखली गेली. ग्रीस २ हा तिचा पहिला टप्पा होता.

कथानक

कथा १९६१ साली, पहिल्या चित्रपटातील घटनांनंतर सुमारे दोन वर्षांनी सुरू होते. रायडेल हायस्कूल या काल्पनिक शाळेत नवे शैक्षणिक वर्ष सुरू झाले आहे. अमेरिकेतील हायस्कूल म्हणजे साधारणपणे नववी ते बारावीचे वर्ग. शाळेत मुलांची टी-बर्ड्स आणि मुलींची पिंक लेडीज अशा दोन टोळ्या आहेत. टी-बर्ड्सचा म्होरक्या जॉनी नोगेरेली असून पिंक लेडीजची प्रमुख स्टेफनी झिनोन आहे. स्टेफनीने उन्हाळ्याच्या सुट्टीत जॉनीशी असलेले प्रेमसंबंध तोडले आहेत.

पहिल्या चित्रपटातील नायिका सँडी हिचा इंग्लंडमधील मावस-चुलत नात्यातला भाऊ मायकेल कॅरिंग्टन याच वर्षी शाळेत दाखल होतो. तो अभ्यासू, सभ्य आणि काहीसा बुजरा आहे. अर्धवट राहिलेले शिक्षण पूर्ण करण्यासाठी शाळेत परतलेली फ्रेंची ही सँडीची जुनी मैत्रीण त्याला तेथील रीतीभातींची ओळख करून देते. बोलिंगच्या खेळाच्या ठिकाणी जॉनीशी वाद झाल्यावर स्टेफनी दारातून पुढे येणाऱ्या पहिल्या पुरुषाचे चुंबन घेण्याचे जाहीर करते. तो पुरुष मायकेल निघतो आणि तो तिच्या प्रेमात पडतो. पिंक लेडीजनी टी-बर्ड्सपैकीच कोणाला तरी निवडावे, असा अलिखित नियम आहे. कोणाची तरी मैत्रीण म्हणून मिरवण्यात स्टेफनीला आता रस उरलेला नाही. आपल्याला मोटारसायकल चालवणारा, निधड्या छातीचा जोडीदार हवा आहे, असे ती मायकेलला सांगते.

मायकेल टी-बर्ड्सचे निबंध पैसे घेऊन लिहून देऊ लागतो. त्या पैशांतून तो मोटारसायकल मिळवतो, ती जोडतो आणि चालवायला शिकतो. पुढे शिरस्त्राण व गॉगल घालून, ओळख लपवून तो टी-बर्ड्सच्या शत्रू टोळीची खोड मोडतो. हा अनोळखी स्वार कोण, याची चर्चा शाळाभर सुरू होते. स्टेफनी त्या स्वाराकडे ओढली जाते. त्याच वेळी दिवसा ती इंग्रजीच्या अभ्यासासाठी मायकेलची मदत घेत असते आणि त्याच्याविषयीही तिला आपुलकी वाटू लागते.

शाळेच्या कलागुणदर्शनाच्या कार्यक्रमाच्या दिवशी टी-बर्ड्स अनोळखी स्वाराचा पाठलाग करतात. तो एका बांधकामाच्या जागी कड्यावरून नाहीसा होतो आणि तो मेला असे सर्वांना वाटते. शोकाकुल स्टेफनी रंगमंचावर भान हरपते आणि स्वप्नदृश्यात मृत प्रियकराला भेटते. शेवटी वर्षअखेरीच्या हवाईयन पद्धतीच्या मेजवानीत शत्रू टोळी धुडगूस घालते. स्वार पुन्हा प्रकट होतो, त्यांना पळवून लावतो आणि आपला चेहरा दाखवतो. जॉनी मायकेलला टी-बर्ड्सचे जाकीट देतो. पदवीदानाच्या समूहगीताने चित्रपट संपतो.

कलाकार

मॅक्सवेल कॉलफील्ड – मायकेल कॅरिंग्टन
मिशेल फायफर – स्टेफनी झिनोन
ॲड्रियन झमेड – जॉनी नोगेरेली
लॉर्ना लुफ्ट – पॉलेट रेबचक
मॉरीन टीफी – शॅरन
ॲलिसन प्राइस – ऱ्होंडा
ख्रिस्तोफर मॅकडोनाल्ड – गूस
पीटर फ्रेशेट – डिमुची
पामेला सेगल – डोलोरेस
डीडी कॉन – फ्रेंची
ईव्ह आर्डन – मुख्याध्यापिका मॅगी
सिड सीझर – क्रीडाप्रशिक्षक कॅल्हून
टॅब हंटर – श्री. स्टुअर्ट
कॉनी स्टीव्हन्स – कुमारी मेसन

ट्रॅव्होल्टा, न्यूटन-जॉन आणि पहिल्या चित्रपटातील बहुतेक तरुण कलाकार या चित्रपटात नाहीत. ईव्ह आर्डन, सिड सीझर आणि डोडी गुडमन यांनी शाळेतील कर्मचाऱ्यांच्या भूमिका पुन्हा केल्या. डीडी कॉन यांची फ्रेंची ही व्यक्तिरेखा नव्या-जुन्या कथेला जोडणारा दुवा होती. परंतु चित्रपटाच्या मध्यानंतर ती कोणत्याही स्पष्टीकरणाशिवाय दिसेनाशी होते. टॅब हंटर व कॉनी स्टीव्हन्स हे स्वतः पन्नाशी-साठीच्या दशकांतील तरुणांचे आवडते कलाकार होते. पहिल्या चित्रपटात फ्रँकी ॲव्हलॉन यांना पाहुण्या भूमिकेत आणण्यामागे जो हेतू होता, तोच त्यांच्या निवडीमागे दिसतो. झमेड यांनी यापूर्वी ग्रीसच्या रंगमंचीय प्रयोगांत नायक डॅनीची भूमिका केली होती. लॉर्ना लुफ्ट या गायिका-अभिनेत्री जुडी गारलँड यांच्या कन्या होत.

निर्मिती

नृत्यदिग्दर्शक म्हणून बर्च यांचा अनुभव मोठा होता. अ लिटल नाइट म्युझिक (१९७३) आणि पॅसिफिक ओव्हर्चर्स (१९७६) या संगीतकांची नृत्यरचना त्यांचीच होती. पूर्ण लांबीच्या चित्रपटाचे दिग्दर्शन मात्र त्या प्रथमच करत होत्या. पटकथाकार फिंकलमन यांचा एअरप्लेन २: द सीक्वल हा दुसरा उत्तरभागही त्याच वर्षी प्रदर्शित झाला.

चित्रीकरण १९८१ मध्ये झाले. रायडेल हायस्कूल म्हणून कॅलिफोर्नियातील नॉरवॉक येथील बंद झालेल्या एक्सेलसियर हायस्कूलची इमारत वापरण्यात आली. पहिल्या चित्रपटाचे बाह्यचित्रण लॉस एंजेलिसमधील व्हेनिस हायस्कूलमध्ये झाले होते. चित्रीकरण सुरू झाले तेव्हा पटकथा पूर्ण नव्हती. पहिल्या चित्रपटाला अनेक वर्षे रंगमंचावर पारखून घेतलेली कथा व गाणी आयती मिळाली होती. उत्तरभागासाठी दोन्ही गोष्टी नव्याने आणि घाईने तयार कराव्या लागल्या. जेकब्स व केसी यांचा त्याच्या लेखनात सहभाग नव्हता. खर्च मात्र वाढून १ कोटी डॉलरांच्या वर गेला.

संगीत

पहिल्या चित्रपटाच्या संगीतावर काम केलेले लुई सेंट लुई हे ग्रीस २ च्या संगीताचेही प्रमुख सूत्रधार होते. गाणी वेगवेगळ्या गीतकार-संगीतकारांकडून लिहून घेण्यात आली. कूल रायडर व रिप्रॉडक्शन ही गीते डेनिस लिंडे यांची आहेत. एल्व्हिस प्रेस्ली यांचे बर्निंग लव्ह हे गीतही लिंडे यांनीच लिहिले होते. स्कोअर टुनाइट आणि हूज दॅट गाय ही गीते डॉमिनिक बुगाटी व फ्रँक मस्कर या जोडीची आहेत. आरंभीचे बॅक टू स्कूल अगेन हे समूहगीत फोर टॉप्स या प्रसिद्ध गायकवृंदाने गायले. फायफर यांनी आपली गाणी स्वतःच्या आवाजात गायली आहेत.

गीतांचे विषय बहुधा शालेय जीवनातील प्रसंगांशी बांधलेले आहेत. स्कोअर टुनाइट हे बोलिंगविषयी, तर रिप्रॉडक्शन हे जीवशास्त्राच्या तासाला पुनरुत्पादनावरून उडणाऱ्या थट्टेविषयी आहे. डू इट फॉर अवर कंट्री या गीताचा प्रसंग अणुयुद्धापासून बचाव करण्यासाठी बांधलेल्या तळघरात घडतो. युद्ध सुरू झाल्याची थाप मारून एक मुलगा आपल्या मैत्रिणीला वश करू पाहतो. १९६१ च्या सुमारास अमेरिकेत अणुहल्ल्याची भीती आणि अशी आश्रयस्थाने बांधण्याची मोहीम खरोखरच जोरात होती. चित्रपटाने निवडलेल्या काळाचा थेट उपयोग झालेले हे एक मोजके ठिकाण आहे.

या गाण्यांना पहिल्या चित्रपटातील गाण्यांची लोकप्रियता लाभली नाही. त्यांपैकी एकही अमेरिकेच्या लोकप्रियता यादीत पहिल्या ४० क्रमांकांत आले नाही. त्यामुळे प्रदर्शनापूर्वी गाण्यांतून वातावरण तयार करण्याचा जो मार्ग १९७८ मध्ये यशस्वी ठरला होता, तो या वेळी उपलब्ध राहिला नाही.

प्रदर्शन व कमाई

ग्रीस २ आणि स्टीव्हन स्पीलबर्ग यांचा ई.टी. हे दोन्ही चित्रपट ११ जून १९८२ या एकाच दिवशी अमेरिकेत प्रदर्शित झाले. ई.टी. हा पुढे त्या काळापर्यंतचा सर्वाधिक कमाई करणारा चित्रपट ठरला. रॉकी ३, स्टार ट्रेक २ आणि पोल्टरगाइस्ट हे चित्रपट त्या आधीच्या दोन आठवड्यांत प्रदर्शित होऊन जोरात चालू होते. पहिल्या शनिवार-रविवारच्या सप्ताहान्ती ग्रीस २ ने सुमारे ४६ लाख डॉलर मिळवले आणि तो पाचव्या स्थानी राहिला. पुढील आठवड्यांत प्रेक्षकसंख्या झपाट्याने घटली.

एकूण कमाईचा आकडा निर्मितीखर्चापेक्षा मोठा दिसत असला, तरी व्यावसायिकदृष्ट्या चित्रपट अपयशी गणला जातो. तिकीटविक्रीतील मोठा वाटा चित्रपटगृहांकडे जातो. जाहिरात व प्रती काढण्याचा खर्च निर्मितीखर्चात धरलेला नसतो. त्यामुळे चित्रपटगृहांतून खर्च भरून निघण्यासाठी सामान्यतः निर्मितीखर्चाच्या दुपटीहून अधिक विक्री व्हावी लागते. ग्रीस २ ची कमाई त्या मर्यादेच्या बरीच खाली राहिली.

समीक्षा

समीक्षकांचा सूर बहुतांशी नकारात्मक होता. रॉजर ईबर्ट यांनी चित्रपटाला चारपैकी दोन तारे दिले. मूळ चित्रपटातील कलाकार व जोम नसताना त्याचीच पुनरावृत्ती करण्याचा हा प्रयत्न आहे, असा त्यांच्या परीक्षणाचा रोख होता. द न्यू यॉर्क टाइम्समध्ये जॅनेट मॅस्लिन यांनी कथानक पहिल्या भागापेक्षाही क्षीण असल्याचे म्हटले. गाणी इतकी पोकळ आहेत की पात्रांना बोलिंगसारख्या विषयांवर गावे लागते, अशी टीकाही त्यांनी केली. फायफर यांच्या पडद्यावरील अस्तित्वाची मात्र अनेकांनी दखल घेतली.

अपयशाची कारणे

चित्रपटाच्या अपयशाची कारणमीमांसा करताना साधारणपणे पुढील मुद्दे मांडले जातात.

पहिला मुद्दा कलाकारांचा आहे. पहिल्या चित्रपटाच्या वेळी ट्रॅव्होल्टा हे दूरचित्रवाणी मालिका आणि सॅटर्डे नाइट फीव्हर यांमुळे, तर न्यूटन-जॉन या गायिका म्हणून आधीच प्रसिद्ध होत्या. कॉलफील्ड व फायफर यांना १९८२ मध्ये फारसे कोणी ओळखत नव्हते. नावातील २ हा आकडा प्रेक्षकांना जुन्या पात्रांच्या भेटीची आशा दाखवत होता. पडद्यावर मात्र त्यांच्या जागी दुसरीच पात्रे होती. शाळेवर आधारलेल्या कथांना ही अडचण मुळातच असते. विद्यार्थी उत्तीर्ण होऊन बाहेर पडले की शाळा ठेवून पात्रे बदलावी लागतात किंवा पात्रे ठेवून शाळा सोडावी लागते.

दुसरा मुद्दा पुनरावृत्तीचा आहे. परक्या देशातून आलेला नवा विद्यार्थी, दोन टोळ्या, शत्रू टोळीशी झुंज, शाळेचा समारंभ आणि वेश पालटल्यावर होणारे मीलन हा सांगाडा दोन्ही चित्रपटांत सारखा आहे. पहिल्या चित्रपटातील नाट्याचा आधार मात्र उत्तरभागात उरत नाही. डॅनी आणि सँडी यांची ओळख व प्रेम चित्रपटाच्या आरंभीच झालेले असते आणि मित्रांसमोर ते मान्य करण्याचे धैर्य डॅनीत नसते. प्रेक्षकाला दोघांचे खरे मन ठाऊक असल्यामुळे प्रत्येक गैरसमजाला अर्थ येतो. मायकेल व स्टेफनी यांच्यात असा पूर्वबंध नाही, त्यामुळे कथेचा भार ओळख लपवण्याच्या एका युक्तीवरच पडतो.

तिसरा मुद्दा काळाचा आहे. १९८० मध्ये कार यांचा कान्ट स्टॉप द म्युझिक आणि न्यूटन-जॉन यांचा झनाडू हे संगीतपट टीकेचे धनी झाले होते. ऑगस्ट १९८१ मध्ये अमेरिकेत एम.टी.व्ही. ही वाहिनी सुरू झाली आणि गाणे पडद्यावर पाहण्याची तरुणांची सवय बदलू लागली. पॅरामाउंटच्याच फ्लॅशडान्स (१९८३) व फूटलूज (१९८४) या चित्रपटांत भरपूर संगीत व नृत्य होते. पण त्यांतील पात्रे संवाद थांबवून गाऊ लागत नाहीत, गाणी पार्श्वभूमीला वाजत राहतात. हे दोन्ही चित्रपट चांगले चालले. प्रेक्षकांना संगीत हवे होते, परंतु जुन्या धाटणीचा संगीतपट नको होता, असे या तुलनेतून दिसते.

अन्य उत्तरभागांशी तुलना

स्टिगवूड यांनीच सॅटर्डे नाइट फीव्हरचा स्टेइंग अलाइव्ह हा उत्तरभाग १९८३ मध्ये आणला. सिल्व्हेस्टर स्टॅलोन दिग्दर्शित या चित्रपटात ट्रॅव्होल्टा पुन्हा त्याच भूमिकेत होते आणि बी जीज यांची नवी गाणीही होती. त्याने अमेरिकेत ६ कोटी डॉलरांहून अधिक कमाई केली. परंतु समीक्षकांनी त्याला ग्रीस २ पेक्षाही कठोरपणे झोडपले. नायक परत आणल्याने तिकिटे विकली जातात, पण चित्रपट चांगला होईलच असे नाही, हे त्यावरून स्पष्ट होते.

याउलट डिस्ने चॅनलवरील हायस्कूल म्युझिकल (२००६) या दूरचित्रपटाचा उत्तरभाग दोन वर्षांच्या आत, ऑगस्ट २००७ मध्ये आला. दिग्दर्शक केनी ऑर्टेगा आणि प्रमुख कलाकार तेच होते. कथा शाळेतून उन्हाळी सुट्टीतील कामाच्या ठिकाणी नेण्यात आली. पहिल्या प्रसारणाच्या रात्री सुमारे १ कोटी ७२ लाख प्रेक्षकांनी तो पाहिला. पात्रे शाळेतून बाहेर पडण्यापूर्वीच पुढची गोष्ट सांगितल्यामुळे ग्रीस २ पुढे उभी राहिलेली अडचण येथे आली नाही.

कलाकारांवरील परिणाम

चित्रपटाच्या अपयशाचा सर्वाधिक फटका कॉलफील्ड यांना बसला. प्रदर्शनापूर्वी ट्रॅव्होल्टा यांचे वारसदार म्हणून त्यांची जाहिरात झाली होती. प्रदर्शनानंतर चित्रपटांतील कामे मिळणे दुरापास्त झाल्याचे त्यांनी पुढे मुलाखतींत सांगितले. १९८५ ते १९८७ या काळात द कोल्बीज या दूरचित्रवाणी मालिकेतील भूमिकेमुळे ते पुन्हा प्रेक्षकांसमोर आले.

फायफर यांनाही प्रारंभी अडचण आली. स्कारफेस (१९८३) या चित्रपटासाठी त्यांची चाचणी घेण्यास दिग्दर्शक ब्रायन डी पाल्मा ग्रीस २ मुळेच अनुत्सुक होते; निर्माते मार्टिन ब्रेगमन यांच्या आग्रहामुळे ती झाली व भूमिका त्यांना मिळाली. पुढे डेंजरस लिएझन्स (१९८८) व द फॅब्युलस बेकर बॉइज (१९८९) या चित्रपटांसाठी त्यांना ऑस्कर नामांकने मिळाली. यांपैकी दुसऱ्या चित्रपटातील गायिकेच्या भूमिकेत त्यांनी गाणी स्वतः गायली आहेत. एकाच चित्रपटाचे अपयश दोन नवोदित प्रमुख कलाकारांच्या वाट्याला असे वेगवेगळ्या रीतीने आले.

पुनर्मूल्यांकन

केबल दूरचित्रवाणी आणि व्हिडिओ कॅसेट यांचा प्रसार झाल्यावर ग्रीस २ नव्या पिढीपर्यंत पोहोचला. घरी वारंवार पाहणाऱ्या या प्रेक्षकांपैकी अनेकांनी मूळ चित्रपट पाहिलाच नव्हता किंवा दोन्ही एकाच वेळी पाहिले होते. त्यामुळे तुलनेतून येणारी निराशा त्यांच्या वाट्याला आली नाही.

या प्रेक्षकांच्या व नंतरच्या काही समीक्षकांच्या लेखनात स्टेफनीच्या व्यक्तिरेखेला महत्त्व दिलेले आढळते. पहिल्या चित्रपटात डॅनी स्वतःत थोडाफार बदल करू पाहतो, परंतु शेवटी साधी-सरळ सँडीच घट्ट काळे कपडे घालून त्याच्या जगात प्रवेश करते. या शेवटावर स्त्रीवादी दृष्टिकोनातून बरीच टीका झाली आहे. उत्तरभागात बदलण्याची जबाबदारी मुलावर येते. स्टेफनी पेट्रोल पंपावर काम करते, टोळीचा नियम झुगारते आणि आपल्याला काय हवे हे स्वतः ठरवते. कूल रायडर हे तिच्या इच्छेचा उच्चार करणारे गीत चित्रपटाची ओळख बनले आहे. या वाचनालाही मर्यादा आहेत. तिला हवा असलेला पुरुष धाडसी स्वाराच्या ठरीव साच्यातलाच आहे आणि मायकेलला शेवटी टोळीचे जाकीट घालूनच मान्यता मिळते. तरीही मूळ चित्रपटाच्या सांगाड्यात जेथे खरा बदल केला गेला, तोच भाग टिकून राहिला, असे म्हणता येते.

२०१४ मध्ये लंडनमध्ये कूल रायडर या नावाने चित्रपटातील गाण्यांवर आधारित रंगमंचीय प्रयोग झाले. २०२० मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय चित्रपट नोंदवहीत पहिल्या ग्रीसचा समावेश करण्यात आला. २०२३ मध्ये ग्रीस: राइज ऑफ द पिंक लेडीज ही मालिका पॅरामाउंट प्लस या सेवेवर प्रदर्शित झाली. तिने उत्तरभागाऐवजी पूर्वकथेचा मार्ग निवडला आणि पिंक लेडीज या मुलींच्या टोळीला केंद्रस्थानी ठेवले. ही मालिकाही एका पर्वानंतर बंद करण्यात आली.